सायकलचं हेल्मेट: महाग घेतलं की जास्त सुरक्षित का? नव्या सायकलस्वारांसाठी पायरीपायरीने

नवी सायकल घेतली की पुढची खरेदी हेल्मेटची, आणि तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. एकाच फळीवर दोन हेल्मेटं शेजारी ठेवलेली असतात. दिसायला जवळपास सारखी, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या सात-आठ पट. स्वस्त घ्यावं तर डोक्याशी खेळ केल्यासारखं वाटतं, महाग घ्यावं तर खिसा रिकामा होतो. हा गोंधळ मी स्वतः अनुभवलाय आणि नंतर बऱ्याच नवख्या मित्रमैत्रिणींना हेल्मेट निवडायला मदतही केली आहे. त्यातून जी पद्धत हाताला लागली, ती इथे क्रमाने मांडतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. मान्यताप्राप्त मानकाचं, डोक्याला नीट बसणारं स्वस्त हेल्मेट हे न बसणाऱ्या महाग हेल्मेटपेक्षा केव्हाही चांगलं. जास्तीचे पैसे बहुतेक वेळा हलकेपणा, हवा आणि दिसणं यांवर जातात. काही महाग हेल्मेटं खरोखरच अधिक चांगली असतात, पण ती कोणती हे किमतीवरून कळत नाही. त्यासाठी वेगळीकडे पाहावं लागतं.

आणि हेल्मेट घालायचंच कशाला, असं कोणी म्हणत असेल तर एवढं ऐका. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ४० अभ्यास आणि ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. घालणं आणि न घालणं यातला फरक एवढा मोठा आहे. स्वस्त-महागातला फरक त्याच्या जवळपासही जात नाही.

हाताशी काय काय हवं

- कापडी मोजपट्टी. नसेल तर एक दोरी आणि फूटपट्टी.
- मोठा आरसा.
- सायकल चालवताना जो चष्मा किंवा गॉगल घालता तो. केस लांब असतील तर चालवताना जसे बांधता तसेच बांधून जा.
- फोन, म्हणजे लेबलचा फोटो काढता येतो आणि मॉडेलचं रेटिंग तिथल्या तिथे बघता येतं.
- खरेदी झाल्यावर: बिल, खोका आणि आतली माहितीपुस्तिका. हे निदान वर्षभर फेकू नका. अपघातानंतर सवलतीत नवं हेल्मेट देण्याची योजना काही कंपन्यांकडे असते आणि तिथे बिल लागतं.

पायरी १: हेल्मेट नेमकं करतं काय, ते समजून घ्या

ही पायरी गाळू नका. हे एकदा कळलं की विक्रेता काय सांगतो त्यातलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय, ते आपोआप उमगतं.

हेल्मेटचं बाहेरचं चकचकीत कवच बघून आपण त्याच्या मजबुतीचा अंदाज बांधतो. पण खरं काम करतो तो आतला पांढरा किंवा काळा फोम. त्याचं नाव ईपीएस, आपण रोजच्या बोलण्यात ज्याला थर्माकोल म्हणतो तोच पदार्थ, फक्त जास्त घट्ट. डोकं आपटलं की हा फोम चेंगरतो, आणि चेंगरता चेंगरता डोक्याला थांबायला थोडं अंतर मिळवून देतो.

त्या 'थोड्या अंतरा'ची किंमत हिशेबाने बघा. दोन मीटर उंचीवरून पडणारं डोकं जमिनीशी पोहोचताना तासाला सुमारे २२ किलोमीटर वेगात असतं. फोम २० मिलिमीटर चेंगरला, तर डोकं गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी १०० पट धक्का सोसून थांबतं. फोम नसेल आणि कवटीला थांबायला दोन-तीन मिलिमीटरच मिळाले, तर हाच आकडा साडेसहाशे ते हजारावर जातो. सगळा खेळ या बोटभर जाडीचा आहे. म्हणून दुकानदार कवच ठोकून 'बघा किती दणकट आहे' म्हणाला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. अती कडक, न चेंगरणारं हेल्मेट डोक्याच्या कामाचं नाही.

दुसरी गोष्ट, हा फोम एकदा चेंगरला की परत फुगत नाही. एक जोरदार आपट सोसली की त्याचं आयुष्य संपलं. हे स्वस्तालाही लागू आणि महागालाही.

तिसरी गोष्ट अनेकांना पटकन पटत नाही. हेल्मेटच्या मानकांच्या चाचणीतही डोकं जास्तीत जास्त साधारण याच, २२ च्या वेगाने आपटतात. 'मी तासाला ४० किलोमीटरने चालवतो, आणि चाचणी २२ च्या वेगाची. मग उपयोग काय?' असं विचारलं जातं. तोल जाऊन पडताना डोकं जमिनीवर किती जोराने आदळणार, हे प्रामुख्याने ते किती उंचीवरून खाली येतं यावर ठरतं. पुढे जाण्याचा वेग बराचसा घसरण्यात, खरचटण्यात जातो. समोरून गाडीला किंवा भिंतीला धडकलात तर गोष्ट वेगळी, आणि तशा धडकेची हमी कोणतंच सायकल हेल्मेट देत नाही, कितीही महाग असलं तरी.

पायरी २: किंमत बघण्याआधी आतलं लेबल वाचा

हेल्मेट उलटं करा. आतल्या गाद्यांच्या मागे किंवा फोमवर चिकटवलेलं लेबल शोधा. गादी वेल्क्रोने बसवलेली असते, हलकेच उचलली तर निघते. त्या लेबलवर खालीलपैकी निदान एक मानक छापलेलं असायला हवं.

सीपीएससी हे अमेरिकेचं मानक. मार्च १९९९ नंतर तयार होऊन अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायकल हेल्मेटला ते बंधनकारक आहे. यात सपाट पृष्ठभागावर २ मीटरवरून, तर गोल आणि फुटपाथच्या कडेसारख्या पृष्ठभागावर १.२ मीटरवरून हेल्मेट आपटतात. आतल्या कृत्रिम डोक्याला ३०० जीपेक्षा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटीपेक्षा जास्त धक्का बसला तर हेल्मेट नापास. काही नमुने आधी तापवून, काही गोठवून, काही पाण्यात भिजवून मग आपटतात. पट्टा तुटतो का, हेल्मेट डोक्यावरून निसटतं का, कडेचं दिसतं का, हेही तपासतात.

ईएन १०७८ हे युरोपचं. यात आपटण्याची उंची थोडी कमी, साधारण दीड मीटर, पण धक्क्याची मर्यादा जास्त कडक, २५० जी. शिवाय युरोपात कंपनीबाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं मानक एएस/एनझेडएस २०६३. स्नेल या अमेरिकी संस्थेचं बी-९५ हे आणखी कडक मानक आहे, पण ते असलेली सायकल हेल्मेटं कमी दिसतात.

इथे नवख्यांना हमखास चकवणारा सापळा आहे. लेबलवर नुसतं 'सीई' असणं पुरेसं नाही. ते चिन्ह गॉगलपासून खेळण्यांपर्यंत शेकडो वस्तूंवर असतं. त्याच्याबरोबर ईएन १०७८ हा आकडा दिसलाच पाहिजे. ऑनलाइन पानावर 'सर्टिफाइड', 'हाय क्वालिटी', 'स्पोर्ट्स हेल्मेट' असं काहीही लिहिलेलं असू शकतं. लेबलवर मानकाचं नाव, उत्पादकाचं नाव आणि उत्पादनाचा महिना-वर्ष नसेल तर ते हेल्मेट खाली ठेवा. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने ऑनलाइन विकली जाणारी आणि मानक न पाळणारी हेल्मेटं परत मागवण्याच्या सूचना वारंवार काढल्या आहेत. त्यातली बरीच दिसायला अगदी अस्सल असतात.

म्हणजे 'स्वस्त' या शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. एक, मानक पास केलेलं साधं हेल्मेट. दोन, हेल्मेटच्या आकाराचं प्लास्टिक. या लेखात मी स्वस्त म्हणतो ते फक्त पहिल्याला. दुसरं फुकट मिळालं तरी घेऊ नका. महागड्या ब्रँडची नक्कल अर्ध्या किमतीत मिळते, तीही याच दुसऱ्या गटात मोडते.

पायरी ३: जास्तीचे पैसे कुठे जातात ते ओळखा

अमेरिकेतील बायसिकल हेल्मेट सेफ्टी इन्स्टिट्यूट या ना-नफा संस्थेने हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला होता. तीन महाग आणि तीन स्वस्त मॉडेलं, किमतीत सातपटीहून जास्त अंतर. फटक्याच्या चाचणीत दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे आले.

हे ऐकून आश्चर्य वाटतं, पण कारण सरळ आहे. दोघांचा फोम तोच. दोघांना परीक्षा तीच. जाडी साधारण तेवढीच. मग महागात वेगळं काय असतं?

पहिलं म्हणजे हवा. मोठी आणि जास्त भोकं म्हणजे डोकं थंड. पण भोकं वाढली की फटका सोसायला फोम कमी उरतो, म्हणून उरलेला फोम जास्त घट्ट करावा लागतो आणि आत नायलॉनचा वगैरे सांगाडा घालावा लागतो. हे सगळं करून परीक्षा पास व्हायची तर संशोधन, साचे, कारागिरी यांचा खर्च वाढतो. म्हणजे इथे तुम्ही जास्त पैसे देता ते कमी फोममध्ये तेवढंच संरक्षण मिळावं म्हणून. जास्त संरक्षणासाठी नाही. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा.

मग वजन. साधं हेल्मेट आणि शर्यतीचं हेल्मेट यांत शंभरेक ग्रॅमचा फरक पडू शकतो. पाच-सहा तास सलग चालवणाऱ्याच्या मानेला तो जाणवतो. रोज अर्धा तास चालवणाऱ्याला जाणवणार नाही.

बाकी हवेचा रोध कमी करणारा आकार, चुंबकी बकल, बारीक फिरणारी डायल, मऊ पट्टे, रंग. यातली डायल आणि पट्टे बिनमहत्त्वाचे समजू नका, कारण हेल्मेट नीट बसणं त्यांच्यावर अवलंबून असतं. स्वस्त हेल्मेटांचा खरा उणेपणा मला इथेच दिसतो. कानाखालची क्लिप ढिली असते आणि पट्टा आठवड्यात सरकून लांब होतो. फोमइतकंच लक्ष या क्लिपकडे द्या. दुकानात पट्टा चारपाच वेळा ओढून बघा, जागचा हलतोय का ते.

बाहेरचा आकार निवडायची वेळ आली तर गोलसर आणि गुळगुळीत घ्या. मागे टोकदार शेपूट किंवा वर उंच कंगोरे असतील तर रस्त्यावर पडल्यावर ते अडकतात आणि मान मुरगळते. हेल्मेट रस्त्यावरून सरकत गेलं पाहिजे.

पायरी ४: तिरका फटका आणि पिवळा स्टिकर

सुरक्षेच्या दृष्टीने हेल्मेटांमध्ये खरा फरक पडतो तो इथे, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

वर सांगितलेली मानकं हेल्मेट सरळ खाली आपटतात. पण माणूस सायकलवरून पडतो तेव्हा डोकं बहुधा तिरकं आपटतं. तिरक्या फटक्यात डोक्याला गिरकी बसते. मेंदू मऊ असतो, सरळ दाब तो बऱ्यापैकी सोसतो, पण गिरकीने आतले तंतू ताणले जातात. मेंदूला बसणाऱ्या अनेक धक्क्यांमागे ही गिरकी असते.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात मेंदूशल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पेटर हाल्डिन यांनी १९९० च्या दशकात यावर काम सुरू केलं. त्यातून 'मिप्स' आलं. हेल्मेटच्या आत एक पातळ, सरकता थर असतो. फटका बसला की हेल्मेट आणि डोकं यांच्यात सगळ्या दिशांनी १० ते १५ मिलिमीटर सरकायला वाव मिळतो आणि गिरकीचा काही भाग तिथे जिरतो. हेल्मेट हातात धरून आतला प्लास्टिकचा जाळीदार थर बोटाने हलवून बघा, थोडासा इकडेतिकडे होतो. बाहेर पिवळा ठिपक्यासारखा स्टिकर असतो.

सुरुवातीला हे फक्त महाग हेल्मेटांत मिळायचं. आता मध्यम आणि बऱ्याच स्वस्त मॉडेलांतही मिळतं. म्हणून 'सुरक्षा हवी तर महागच घ्या' हे वाक्य एकेकाळी थोडंफार खरं होतं, आता तेवढंही उरलेलं नाही.

पण नुसता स्टिकर बघून थांबू नका. केस आणि टाळूची त्वचाही थोडी सरकतेच, त्यामुळे प्रत्येक हेल्मेटात या थराचा फायदा सारखाच होतो असं नाही. उलट, असा थर नसलेली पण फोमच्या रचनेतच बदल केलेली काही हेल्मेटंही चाचणीत उत्तम ठरली आहेत. म्हणून चाचणीचा निकाल बघा.

तो कुठे बघायचा? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची हेल्मेट प्रयोगशाळा २०१८ पासून सायकल हेल्मेटांना स्टार देते. त्यांच्या चाचणीत हेल्मेट ४५ अंशांत तिरक्या, सँडपेपर लावलेल्या पृष्ठभागावर आपटतात, सहा वेगवेगळ्या जागी आणि दोन वेगांनी; प्रत्येक मॉडेलचे एकूण २४ फटके. आतल्या डोक्याला बसलेला सरळ धक्का आणि गिरकी दोन्ही मोजतात. दोनशेहून जास्त मॉडेलांचे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात, आणि शेजारी किंमतही दिलेली असते. स्वीडनची फोल्कसाम ही विमा कंपनीही तिरक्या फटक्याच्या चाचण्या करून निकाल जाहीर करते.

यादी वाचताना एक लक्षात ठेवा: व्हर्जिनिया टेकच्या यादीत स्टार जितके जास्त तितकं हेल्मेट चांगलं, पण सोबतच्या गुणांचा आकडा मात्र जितका कमी तितकं चांगलं. घाईत उलटं वाचलं जातं. मग यादी किमतीच्या क्रमाने डोळ्यांखालून घाला. पाच स्टारवाल्यांत स्वस्त मॉडेलंही आहेत आणि महागड्यांपैकी काही मागे पडलेली आहेत. किमतीवरून सुरक्षा ठरत नाही म्हणतो ते याच अर्थाने.

तुमचं मॉडेल यादीत नसेल तर ते वाईट आहे असा अर्थ होत नाही, फक्त त्याची तिथे तपासणी झालेली नाही. अशा वेळी मानकाचं लेबल, गोल आकार, सरकता थर आणि बसण्याची पद्धत यावरून ठरवा.

पायरी ५: डोकं मोजा

मोजपट्टी भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा सर्वात फुगीर भाग येईल अशी फिरवा. आलेला घेर सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. हेल्मेटांचे माप सेंटिमीटरमध्येच असतात, ५४–५८, ५८–६२ असे. तुमचा आकडा दोन मापांच्या सीमेवर आला तर दोन्ही घालून बघा.

घेर सारखा असला तरी डोक्याचा आकार सारखा नसतो. कोणाचं डोकं वरून बघितलं तर गोल, कोणाचं लांबट. लांबट डोक्यावर गोल साच्याचं हेल्मेट कपाळाला आणि मागे टोचतं, बाजूला मात्र पोकळ राहतं. हे मोजपट्टीला कळत नाही, घातल्यावरच कळतं. म्हणून पहिलं हेल्मेट शक्यतो प्रत्यक्ष घालून घ्या. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर परत करण्याची सोय असेल तिथूनच.

पायरी ६: आरशासमोर बसवून बघा

पट्टा न लावता हेल्मेट डोक्यावर ठेवा, मागची डायल आवळा आणि मान खाली करून हलकेच हलवा. हेल्मेट पडायला नको. नुसत्या डायलवर ते टिकलं पाहिजे.

आता आरशात बघा. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर एक ते दोन बोटांवर हवी. टोपीसारखं मागे सरकवून कपाळ उघडं टाकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पुढे तोंडावर पडलं की नेमकं तेच उघडं कपाळ आपटतं. डोळे वर करून बघा, कड जेमतेम दिसली पाहिजे.

मग दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली इंग्रजी 'व्ही' आकारात जुळवा. क्लिप कानाच्या पाळीच्या लगेच खाली. हनुवटीखाली बकल लावून पट्टा असा आवळा की मध्ये एखादं-दुसरं बोट जाईल, मूठ जाणार नाही. तोंड मोठं उघडून जांभई द्या. हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेल्याचं जाणवलं पाहिजे.

शेवटची परीक्षा हाताने. तळहात हेल्मेटच्या पुढच्या कडेला लावून वर-मागे ढकला. मग मागून पुढे ढकला. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली तर बरोबर. हेल्मेट सुटं सरकून कपाळ उघडं पडलं तर पुढचा पट्टा आखूड करा. तरीही सरकत असेल तर ते माप किंवा तो साचा तुमचा नाही, आणि कितीही नावाजलेलं असलं तरी ते तुमच्या कामाचं नाही. अपघातात पहिल्या आपटीलाच ते सरकेल आणि पाच स्टारचा फोम भलत्याच जागी जाईल.

चष्मा लावून हे सगळं पुन्हा एकदा करा. दहा मिनिटं घालून दुकानात फिरा. एकाच जागी टोचायला लागलं तर ते पुढे सवयीने बरं होत नाही.

आत जाड टोपी घालू नका. पातळ कापडी टोपी किंवा रुमाल चालतो, पण वर कडक बटण असलेली टोपी मुळीच नको. अंबाडा वर बांधला तर हेल्मेट उचललं जातं. वेणी किंवा शेपटी खाली बांधा.

पायरी ७: तुमच्या वापरानुसार ठरवा

कामावर जाणं, आसपासच्या फेऱ्या: मानकाचं लेबल असलेलं, फिकट किंवा ठळक रंगाचं, चांगल्या पट्ट्यांचं साधं हेल्मेट पुरे. सरकता थर त्याच किमतीच्या आसपास मिळत असेल तर जरूर घ्या. उरलेल्या पैशांतून पुढचा-मागचा दिवा घ्या, कारण धडकच होऊ नये यासाठी दिव्यांचा उपयोग जास्त.

लांब पल्ला, उन्हाळा, चढ: इथे हवेसाठी जास्त पैसे मोजणं योग्य आहे. डोकं तापून नकोसं झालं की माणूस हेल्मेट काढून हँडलला लटकवतो, आणि लटकवलेलं हेल्मेट शून्य कामाचं. जे शेवटपर्यंत डोक्यावर राहील ते घ्या.

डोंगरातली वाट: मागचा भाग आणि कानशिलं जास्त झाकणारं हेल्मेट लागतं. तीव्र उतारावर चालवणार असाल तर हनुवटी झाकणारं.

वेगवान विजेची सायकल: तासाला ४५ किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या सायकलींसाठी नेदरलँड्सचं एनटीए ८७७६ हे वेगळं मानक आहे. त्यात जास्त वेगाचा फटका तपासतात आणि डोक्याचा जास्त भाग झाकलेला असावा लागतो.

लहान मुलं: 'वाढतं अंग आहे, मोठंच घेऊ' हा विचार कपड्यांपुरता ठेवा. आजच्या मापाचं घ्या. आणि मूल सायकलवरून उतरून घसरगुंडीकडे किंवा झाडाकडे पळालं की आधी हेल्मेट काढायला लावा. हेल्मेट अडकून पट्टा गळ्याला बसण्याचा धोका असतो. याच कारणाने युरोपात लहानग्यांसाठी ईएन १०८० हे वेगळं मानक आहे, त्यात जोराची ओढ बसली की बकल आपोआप सुटतं. मात्र त्या हेल्मेटाचं बकल रस्त्यावरच्या अपघातातही सुटू शकतं, म्हणून मोठ्यांनी ते वापरू नये.

मोटरसायकलचं हेल्मेट सायकलवर चालेल का, हाही प्रश्न येतो. संरक्षण मिळेल, पण वजन, उष्णता आणि कमी ऐकू येणं यामुळे पायडल मारताना ते घालून फार वेळ राहवत नाही.

पायरी ८: सांभाळणं आणि टाकून देणं

पेट्रोल, थिनर, स्पिरिट असलं काही लावून हेल्मेट पुसू नका. फोम आणि कवच दोन्ही खराब होतात. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा. रंग मारू नका. बंद गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवू नका, उष्णतेने कवच फोमपासून सुटून फुगे येतात. कॅमेऱ्याचा कडक स्टँड वर बसवू नका.

किती वर्षांनी बदलायचं, यावर एकमत नाही. बऱ्याच कंपन्या तीन ते पाच वर्षं सांगतात, अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग पाच ते दहा. २६ वर्षांपर्यंत जुन्या अशा ६७५ हेल्मेटांच्या एका चाचणीत वयामुळे फोमची ताकद लक्षणीय घटलेली दिसली नव्हती. माझं मत असं: तारखेला घाबरून चांगलं हेल्मेट फेकू नका, पण पट्टे विरले, बकल नीट लागेना, डायल सुटली किंवा फोमला तडा दिसला की एक दिवसही थांबू नका.

अपघातानंतर मात्र चर्चा नाही. डोकं आपटलं असेल तर हेल्मेट बदला. बाहेरून काहीच दिसत नाही म्हणून फसू नका. आपटलेल्या जागेच्या आतली गादी काढून उजेडाकडे धरा. चांगल्या जागी फोमचे दाणे टपोरे, वेगवेगळे दिसतात. फटका बसलेल्या जागी ते चपटे होऊन एकमेकांत बसलेले, किंचित चकाकणारे दिसतात, आणि बारकाईने पाहिलं तर केसासारखी एखादी चीर सापडते. कवचावर तेवढ्याच जागी फक्त दोन ओरखडे असतात. आणि आत काही दिसलं नाही तरीही बदला, कारण सगळंच चेंगरणं डोळ्याला दिसत नाही. म्हणूनच वापरलेलं हेल्मेट कोणाकडून विकत घेऊ नये. ते किती वेळा आपटलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

इथे स्वस्त हेल्मेटचा एक फायदा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. ते बदलताना जीव वरखाली होत नाही. महागड्या हेल्मेटवर पडल्यावर 'एवढं काही झालेलं नाही' असं म्हणून तेच पुढे वापरणारे बरेच पाहिले आहेत.

जुनं टाकताना कात्रीने दोन्ही पट्टे कापा आणि कवचावर मार्करने मोठी फुली मारा, म्हणजे कचऱ्यातून उचलून ते दुसरं कोणी डोक्यावर चढवणार नाही.